मनाच्या आजाराची गोळी मधेच सोडू नये



बेणे, खत, पाणी सोडून या पानावर डॉक्टरी विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण गटागटांत फिरताना एक वाक्य आमच्या कानावर वारंवार येते : "साहेब, झोप येऊ लागली, आता गोळ्या कायले खायच्या?" खरा धोका या वाक्यातच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शेतकरी आत्महत्या थांबाव्यात म्हणून शासनाने 2015 साली 14 जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात आपला यवतमाळ जिल्हाही होता. आशाताई दारी येऊन मनाची विचारपूस करू लागल्या, हे मोठेच काम झाले. परंतु माणूस दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन घरी आला की पुढचे त्याचे त्यालाच निभवावे लागते.

उदासीनतेच्या आजारात बहुधा फ्लुओक्सेटिन, एसिटालोप्राम अशा गोळ्या देतात. मेंदूच्या पेशी रसायनांच्या मार्फत एकमेकींना निरोप देतात. त्यांपैकी सेरोटोनिन हे रसायन या गोळ्यांमुळे पेशींच्या मधल्या जागेत जास्त वेळ टिकते. पण मन हलके व्हायला 2 ते 6 आठवडे लागतात. युरिया टाकला म्हणून दुसऱ्या दिवशी उसाची कांडी वाढत नाही, तसेच हे.

त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होतो. मळमळ, डोकेदुखी, बेचैनी, झोपमोड. गुण येण्याआधी त्रास दिसतो, म्हणून माणूस गोळी फेकतो. यातला बराचसा त्रास एक-दोन आठवड्यांत ओसरतो. नवरा-बायकोच्या संबंधातली इच्छा कमी झाली तर तेही न लाजता डॉक्टरांना सांगावे; गोळी बदलता येते. तरुण रुग्णाची बेचैनी फार वाढली किंवा तो जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

बरे वाटल्यावरही गोळी साधारण 6 महिने तरी चालू ठेवावी लागते. एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड होते आणि आजार उलटू शकतो. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करावी.

सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. अल्प्राझोलामची सवय लागते. ती मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नये, आणि दारूसोबत तर मुळीच घेऊ नये. ओलान्झापिनने वजन आणि रक्तातली साखर वाढू शकते. लिथियम घेणाऱ्याने रक्त तपासत राहावे. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात घामावाटे अंगातले पाणी व मीठ गेले, की लिथियम रक्तात साचून विषबाधा होऊ शकते. हात जोरात थरथरणे, जुलाब, तोल जाणे ही तिची लक्षणे. अशा रुग्णाने अंगदुखीची गोळीसुद्धा विचारूनच घ्यावी.

गोळीने सोसायटीचे कर्ज फिटत नाही, हे खरेच. पण कर्जाचा हिशेब घेऊन बसायचे तर डोके ठिकाणावर लागते, आणि घरचा माणूस घरात लागतो.

तेव्हा डॉक्टरांनी गोळीचा त्रास आधीच सांगावा. न सांगितल्यास सभासदाने विचारावा. घरच्यांनी गोळ्यांचा डबा आपल्या ताब्यात ठेवावा. 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर रात्री-बेरात्रीही फुकट बोलता येते. हा क्रमांक प्रत्येकाने घरात लिहून ठेवावा, ही आग्रहाची विनंती.

— ऊसविकास अधिकारी