तपासणीच्या खोलीतला कॅमेरा

मागच्या महिन्यात खालांना घेऊन रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात गेलो होतो. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, ही पेठ म्हणजे जवळजवळ दवाखान्यांचीच पेठ. गडचिरोलीपासून छिंदवाड्यापर्यंतचे रुग्ण इथे येतात. खाला बुरखा वापरतात. डॉक्टर बाई आहेत याची दोनदा खात्री करून घेतल्यावरच त्या तपासणीला तयार झाल्या. आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. छताच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पडदा तर लावला, पण हा वरून बघतो त्याचं काय?"

मी व्यवस्थापकांना विचारले. माणूस सभ्य होता. कॅमेरा सुरक्षेसाठी आहे म्हणाला, डॉक्टरांना घरूनही मोबाइलवर बघता येते, आता ५-जी असल्यामुळे चित्र अडकत नाही, हेही कौतुकाने सांगितले. पासवर्ड कोणाकडे आहे, या प्रश्नावर मात्र तो थोडा थांबला. "बसवून देणाऱ्याकडेच असेल."

खालांची शंका भाबडी नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातली, स्त्रियांच्या तपासणीची चित्रफीत यूट्यूबवर आणि टेलिग्रामवर विक्रीला आल्याचे उघड झाले. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी तपास केला, तेव्हा अटक झालेल्यांत आपल्या लातूर आणि सांगलीकडचे तरुणही निघाले. तपासाच्या बातम्यांत आले ते असे, की त्या दवाखान्याच्या कॅमेऱ्याला कारखान्यातून आलेला 'अ‍ॅडमिन१२३' हाच पासवर्ड होता. म्हणजे कुलूप फोडावे लागलेच नाही. दाराला कुलपाचे चित्र तेवढे चिकटवलेले होते. त्या बायकांपैकी कितीजणी पुन्हा दवाखान्याची पायरी चढल्या असतील, हा विचार मला अजून सोडत नाही. आमच्या मोहल्ल्यांत आजही कितीतरी बायका संकोचापायी दुखणे अंगावर काढतात. त्यांना समजावून इथपर्यंत आणायला वर्षे जातात आणि अशी एक बातमी त्यांना पुन्हा घरी बसवते.

दोष ५-जीचा आहे का? न्यायाने बोलायचे तर नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये एअरटेलने ही सेवा ज्या आठ शहरांत आधी सुरू केली, त्यांत नागपूर होते. जुन्या पिढीच्या जाळ्यांत सिमची मूळ ओळख काही प्रसंगी उघडीच हवेतून जायची. ५-जीत ती सांकेतिक रूपात पाठवण्याची सोय आहे. रस्ता आधीपेक्षा सुरक्षित झाला. पण रस्त्यावर पहारा बसवून घराचे दार उघडे ठेवले, तर पहारा काय कामाचा? उलट रस्ता रुंद झाल्याने चोराचीही सोय झाली. पूर्वी तासभराचे चित्रण बाहेर पाठवताना जाळे रखडायचे आणि निदान कोणाच्या तरी लक्षात यायचे. आता ते मुकाट्याने निघून जाते. आणि चोरी चित्रांचीच होते असेही नाही. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामने असेच ठरावीक पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. कॅमेऱ्यांच्या मालकांना बहुतेक पत्ताही नव्हता.

आपल्या सरकारला हे कळत नाही असे नाही. दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राने २०२१ मध्येच अशा उपकरणांसाठी आचारसंहिता काढली; सरसकट एकच पासवर्ड नको, हे तिचे पहिले कलम. पण ती केवळ मार्गदर्शक. ब्रिटनने हीच गोष्ट २९ एप्रिल २०२४ पासून कायद्याने बंधनकारक केली. आपल्याकडे एप्रिल २०२५ पासून नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारमान्य सुरक्षा-चाचणी सक्तीची झाली, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र हा नियम नव्या मालाला. रामदासपेठेत आणि इतरत्र भिंतींवर आधीच टांगलेल्या कॅमेऱ्यांकडे कोण बघणार? खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये सांगितले, वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. पण पडद्याआडच्या बाईपर्यंत तो हक्क पोहोचवायचा, तर आधी कोणीतरी शिडी लावून तो कॅमेरा वळवायला हवा.

बोट दवाखान्यांकडेच का दाखवायचे? आपल्या मशिदींच्या दारांवर, मदरशांत, मुलींच्या वसतिगृहांत, गल्लीच्या तोंडावर आपणच वर्गणी काढून कॅमेरे बसवले आहेत. बसवणारा मुलगा ओळखीचा असतो, म्हणून पासवर्ड त्याच्याकडेच राहतो. परवानगीवाचून दुसऱ्याच्या घरात शिरू नका, कोणाच्या मागावर राहू नका, असे कुरआनात बजावलेले आपण जलशांतून ऐकवतो. मग वजूखान्याकडे रोखलेला कॅमेरा कोणाच्या मोबाइलवर दिसतो, हे आपल्या किती विश्वस्तांना सांगता येईल? मी आमच्या मोहल्ल्यात विचारले. तिघांनी तीन वेगवेगळी नावे सांगितली.

पुढच्या जुम्मानंतर दहा मिनिटे थांबून एवढेच करावे, अशी माझी विनंती आहे: पासवर्ड बदलावा, तो कोणाकडे आहे हे वहीत लिहावे, आणि बाहेरून बघण्याची गरज नसेल तर कॅमेऱ्याचे इंटरनेट काढून टाकावे. चित्रण आतल्या पेटीत साठतेच. दवाखान्यात गेलात तर तपासणीच्या खोलीत कॅमेरा का, हे विचारायला लाजू नका. तिथे तो नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खालांची पुढची तारीख आता जवळ आली आहे. तो कॅमेरा खोलीतून काढून बाहेरच्या दाराकडे लावण्याचे व्यवस्थापकांनी कबूल केले आहे. पासवर्डचे विचारून सांगतो म्हणाले होते. अजून फोन आलेला नाही.