चिनी कौल समजायचा तर रिद्धपूरची रीत हवी

चौकोनी भोकाची, लाल दोऱ्यात ओवलेली तीन चिनी नाणी आता आपल्याकडच्या शहरांत सहज मिळतात. पैसा टिकावा म्हणून लोक ती तिजोरीत ठेवतात किंवा दाराला टांगतात. अशाच तीन नाण्यांनी चीनमध्ये शतकानुशतके ‘यी चिंग’ या ग्रंथाला प्रश्न विचारले गेले, हे मात्र ती विकणाऱ्याला सांगता येत नाही आणि घेणारा विचारत नाही. ज्याला खरेच जाणून घ्यायचे असते त्याच्यासमोर दोनच वाटा उरतात. एका बाजूला ‘नाणी उडवा, उत्तर मिळवा’ छापाच्या पुस्तिका आहेत, दुसऱ्या बाजूला शेकडो पानांचे इंग्रजी ग्रंथ. प्राचीन चिनी शकुनविद्येची ओळख करून देणारे सोपे आणि विश्वासाचे पुस्तक मराठीत व्हायला हवे. ते रिद्धपूरला व्हावे असे मी म्हणतो, आणि त्याचे कारण तिथे २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले एवढेच नाही. अशा ग्रंथाकडे कसे पाहायचे याची रीत मोर्शी तालुक्यातल्या या गावाने सातशे वर्षांपूर्वी घालून दिली आहे, आणि चिनी शकुनग्रंथ वाचताना नेमकी तीच रीत उपयोगी पडते.

सुरुवात नाण्यांपासून करायचीच नाही. ती हाडांपासून करायची. १८९९ च्या सुमारास पेकिंगमधले विद्वान वांग यीरोंग यांच्या लक्षात आले की औषध म्हणून कुटून विकल्या जाणाऱ्या जुन्या हाडांवर अक्षरे कोरलेली आहेत. त्या हाडांचा माग हनान प्रांतातल्या आनयांगपर्यंत गेला. तिथे शांग घराण्याची शेवटची राजधानी होती. १९२८ पासून तिथे पद्धतशीर उत्खनन झाले, आणि १९३६ साली एकाच खड्ड्यात सतरा हजारांहून जास्त तुकडे सापडले. आजवर मिळालेले तुकडे दीड लाखाच्या घरात आहेत. कासवाच्या पोटाकडचे कवच किंवा बैलाच्या खांद्याचे हाड घ्यायचे, मागच्या बाजूने खोलगट खळगे करायचे, तिथे तापलेला निखारा लावायचा आणि समोर उमटलेल्या तड्यावरून उत्तर वाचायचे, अशी ती पद्धत होती. प्रश्न बहुधा जोडीने विचारला जाई: पाऊस येईल, पाऊस येणार नाही. पीक हाती लागेल, लागणार नाही. त्यानंतर तारीख, विचारणाऱ्याचे नाव, प्रश्न, कधी राजाने केलेला अर्थ, आणि क्वचित प्रत्यक्षात काय घडले तेही त्याच हाडावर कोरले जाई.

इसवी सनापूर्वी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात गादीवर आलेल्या वू दिंग राजाच्या एका हाडावर त्याची राणी फू हाव हिच्या बाळंतपणाचा प्रश्न आहे. राजा म्हणतो, दिंग दिवशी बाळंत झाली तर चांगले, गंग दिवशी झाली तर फारच शुभ. एकतीस दिवसांनी ती बाळंत झाली, पण या दोन्ही दिवसांना नाही. शेवटची नोंद आहे, चांगले झाले नाही, मुलगी झाली. हीच फू हाव सैन्य घेऊन लढायला जात असे, आणि तिची न लुटलेली कबर १९७६ मध्ये सापडली तेव्हा तिच्यात कांस्याची शेकडो भांडी आणि शस्त्रे निघाली. चिनी शकुनविद्येची खरी ओळख मला या एका नोंदीत दिसते. तिच्यात भविष्य फारसे नाही, माणसे आहेत. पावसाची धास्ती आहे, बाळंतपणाची काळजी आहे, मुलगी झाली म्हणून हळहळणारा राजा आहे. वऱ्हाडातल्या वाचकाला ही माणसे परकी वाटायचे कारण नाही. चिनी लेखनाचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना मोठा साठा याच प्रश्नांतून उभा राहिला, हे कळले की शकुनविद्या हा इतिहासाचा विषय का आहे ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

यी चिंग त्यानंतरचा. अखंड आणि तुटक अशा दोन प्रकारच्या रेघा, सहा रेघांची एक आकृती, अशा ६४ आकृत्या. प्रत्येक आकृतीला एक वचन आणि प्रत्येक रेघेला एक, म्हणजे रेघांचीच ३८४ वचने. आकृती ठरवायला मुळात नाणी नव्हती, वाळलेल्या काड्या होत्या. पन्नास काड्या घ्यायच्या, एक बाजूला ठेवायची, उरलेल्या ४९ दोन भागांत वाटून चार-चार करून मोजायच्या. एका रेघेसाठी हे तीनदा, पूर्ण आकृतीसाठी अठरा वेळा करायचे. नाण्यांची सोय नंतर आली. तिच्यात वेळ वाचला, पण गणित बदलले. पालटणारी, म्हणजे पुढे अखंड होणारी, तुटक रेघ काड्यांनी सोळात एकदा येते आणि पालटणारी अखंड रेघ सोळात तीनदा. नाण्यांनी दोन्ही सारख्याच, आठात एकदा येतात. शाळेतल्या संभाव्यतेच्या धड्यात घालता येईल असे हे उदाहरण आहे. नाणी उडवायला सांगणाऱ्या पुस्तिका ते देत नाहीत, कारण त्यांना उत्तर विकायचे असते आणि उत्तर कुठून येते ते दाखवणे त्यात बसत नाही.

खरी अडचण पुढे सुरू होते. यी चिंग म्हणून जे पुस्तक आपल्या हाती येते ते एका काळाचे नाही. रेघांची मूळ वचने शांगांनंतरच्या चौ राजवटीच्या आरंभीच्या शतकांतली आहेत. त्यांवरची ‘दहा पंख’ नावाची टीका कित्येक शतके नंतरची, आणि ती परंपरेने कन्फ्यूशियसच्या नावावर चढवलेली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हान सम्राट वू याने ग्रंथाला राजमान्य अभिजात ग्रंथांत बसवले आणि मग प्रत्येक पिढीने त्यात आपले तत्त्वज्ञान ओतले. रिचर्ड विल्हेल्मचे १९२४ चे जर्मन भाषांतर आणि त्यावरून १९५० मध्ये आलेले, मानसशास्त्रज्ञ युंगच्या प्रस्तावनेचे इंग्रजी पुस्तक जगभर गाजले. ते सुंदर आहे, पण त्यात चिनी पंडितांची उत्तरकालीन समजूत आणि मूळ वचने इतकी मिसळली आहेत की नव्या वाचकाला कोण बोलते आहे तेच कळत नाही. सर्वांत जास्त खपलेले प्रवेशद्वार हेच, आणि माझ्या मते नवख्याने पहिल्यांदा त्यातून आत जाऊ नये.

एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. चौतिसाव्या आणि छप्पन्नाव्या आकृतीत ‘यी’ इथे जनावर हरवल्याचे वचन आहे, एकात मेंढा, दुसऱ्यात बैल. जुन्या टीकाकारांनी त्यातून सहजपणा, बेसावधपणा असे नीतिबोध काढले. १९१७ मध्ये वांग ग्वोवेई यांनी दाखवून दिले की आनयांगच्या हाडांवर वांग हाय नावाच्या एका शांग पूर्वजाला बळी दिल्याच्या नोंदी आहेत. हा वांग हाय यी लोकांत गुरे घेऊन गेला आणि तिथे गुरेही गेली, जीवही गेला, अशी कथा इतर जुन्या ग्रंथांत होती. १९२९ मध्ये कू च्येकांग यांनी हे धागे जुळवले. वचनातला नीतिबोध नंतरच्यांचा होता. मुळात होती एका गुरे राखणाऱ्या पूर्वजाची आठवण, जी कोणे काळी ऐकणाऱ्याला अर्ध्या शब्दात कळत असे. प्रसंग हरवला आणि वचन तेवढे उरले.

आता रिद्धपूरकडे या. महानुभाव पंथातल्या गोविंदप्रभूंच्या या गावी, चक्रधरस्वामी दृष्टीआड झाल्यावर, म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या सोबतीने स्वामींच्या लीळा गोळा केल्या. ज्याने ऐकले, पाहिले त्याच्याकडे जाऊन विचारले. पुढच्या पोथ्यांत कोणाच्या सांगण्यावरून कोणता पाठ, हेही नोंदलेले आढळते. केसोबासांनी त्या लीळांतून स्वामींची वचने वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. दृष्टांतपाठात त्यांनी स्वामींचे सूत्र, स्वामींचा दृष्टांत आणि स्वतःचे दार्ष्टांतिक असे तीन थर ठेवले आणि तिन्हींची सरमिसळ होऊ दिली नाही. कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निघाले हे सांगणारे ‘प्रकरणवश’ पंथात पुढे तयार झाले. प्रसंगाशिवाय सूत्र वाचले तर अर्थ भरकटतो हे त्यांना पक्के ठाऊक होते. यी चिंगच्या अभ्यासकांना विसाव्या शतकात जे करावे लागले ते हेच. चीनमध्येही बाराव्या शतकात चू शी या थोर पंडिताने ग्रंथ मुळात शकुनासाठी होता असे ठासून सांगितले आणि आपल्या प्रतीत मूळ वचने व ‘पंख’ वेगवेगळे छापले जातील अशी मांडणी केली. सोपे पुस्तक म्हणजे पातळ केलेले पुस्तक नव्हे. कोणता थर कोणाचा हे ज्यात पहिल्या पानापासून दिसते ते सोपे.

‘पण हे सारे इंग्रजीत आहेच की’ असे कोणी म्हणेल. आहे. १९९६ मध्ये रिचर्ड रट यांनी कांस्ययुगीन थर वेगळा करून दाखवला. त्याच वर्षी एडवर्ड शॉनेसी यांनी मावांगद्वी इथल्या, इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद झालेल्या कबरीतल्या रेशमी प्रतीचे भाषांतर दिले, जिच्यात आकृत्यांचा क्रमच निराळा आहे. रिचर्ड स्मिथ यांनी २०१२ मध्ये ग्रंथाचे छोटेखानी चरित्र लिहिले. मराठी पुस्तकाला हा पाया लागेल. पण केसोबास संस्कृतात लिहू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले, कारण त्यामुळे पंथातल्या म्हाताऱ्या बायाबापड्या ज्ञानाला मुकतील अशी त्यांची हरकत होती. ती हरकत आज इंग्रजीला तशीच लागू आहे. गंभीर ज्ञान मराठीत मांडता येते का, ही शंका तर १८९६ मध्येच मिटली, जेव्हा शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी भारतीय ज्योतिषाचा इतिहास मराठीत लिहिला आणि पुढे त्याचाच इंग्रजीत अनुवाद झाला. दीक्षितांनी ग्रह आणि फल दोन्ही अभ्यासले, पण ऐतिहासिक शिस्त सोडली नाही. चिनी शकुनविद्येच्या मराठी पुस्तकाला हाच नमुना पुरे.

सर्वांत गंभीर आक्षेप अंधश्रद्धेचा आहे, आणि गाडगेबाबांच्या जिल्ह्यात तो उठलाच पाहिजे. जादूटोण्याविरुद्ध २०१३ मध्ये कायदा करणाऱ्या राज्यात विद्यापीठाने शकुनावर पुस्तक का काढावे? माझे उत्तर असे की न बोलल्याने शकुन थांबत नाही. बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला दर अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. अठरा धान्ये गोलाकार मांडतात, मधल्या घागरीखाली चार महिन्यांच्या पावसाची चार ढेकळे ठेवतात, वर पुरी, पापड, कुरडई ठेवतात, आणि रात्र उलटल्यावर पहाटे वाघ घराण्यातले महाराज त्यावरून पाऊस, पीक आणि राजकारणाचे भाकीत सांगतात. वर्तमानपत्रे ते छापतात, शेतकरी ते ऐकतात. त्याची नुसती टिंगल करून एकही शेतकरी ऐकायचा थांबलेला नाही. शांग राजाची हाडे त्याच्यासमोर ठेवली तर तुलना आपोआप होते: अनिश्चित पावसापुढे माणूस तीन हजार वर्षांपूर्वीही हेच करीत होता, उत्तराचा अर्थ लावण्याचा अधिकार एका घराण्याकडे होता, आणि काय खरे ठरले याची नोंद मोजक्याच वेळी, बहुधा राजाला अनुकूल अशीच ठेवली जात होती. हे शेवटचे ज्याने समजून घेतले तो भेंडवळच्या भाकिताबद्दलही योग्य प्रश्न विचारील: गेल्या वर्षी काय सांगितले होते, आणि काय झाले? शकुनाचा इतिहास शकुनाची भक्ती शिकवत नाही. तो हिशेब मागायला शिकवतो. मात्र पुस्तकात ‘तुमचे भविष्य पाहा’ असे प्रकरण असता कामा नये, याबाबतीत मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूचा आहे.

घरच्या पोथ्या धूळ खात असताना चीन कशाला, हा दुसरा आक्षेप. महानुभाव पोथ्यांचे संपादन हे विद्यापीठाचे पहिले काम आहे, यात वाद नाही. पण ज्या सकळ लिपीने हे वाङ्मय कित्येक शतके बाहेरच्यांना बंद ठेवले, ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार राजवाड्यांनी उलगडली तेव्हा ग्रंथ आणि लिपी यांकडे पाहायची शोधक नजर त्यांना इतिहासाच्या व्यापक अभ्यासाने दिली होती. दुसऱ्या संस्कृतीतली थरांची गुंतागुंत पाहिलेला विद्यार्थी आपल्या सूत्रपाठाकडे अधिक जाणतेपणाने येतो. चिनी जाणणारे मराठी लोक कुठून आणायचे, असे विचारणाऱ्यांनी पुण्याचे पु. वि. बापट आठवावेत. मूळ हरवलेला आणि पूर्ण रूपात चिनी भाषांतरातच उरलेला विमुक्तिमार्ग हा बौद्ध ग्रंथ वाचून त्यांनी १९३७ मध्ये त्याची विसुद्धिमग्गाशी तुलना प्रसिद्ध केली. मराठी माणसाने अभिजात चिनी शिकून नाव काढल्याचा दाखला घरातच आहे.

खर्चही फार नाही. चिनी आणि महानुभाव वाङ्मय जाणणारे दोन अभ्यासक, दोन वर्षांचा काळ, आणि अडीचशे पानांचे स्वस्त पुस्तक. त्यात दहा-बारा हाडांच्या नोंदी छायाचित्रांसह असाव्यात, काड्या मोजण्याची रीत गणितासह असावी, आठ-दहा आकृत्यांची मूळ वचने एका टायपात आणि नंतरची टीका दुसऱ्या टायपात असावी. मराठी भाषा विद्यापीठाने आपल्या पहिल्या प्रकाशनांच्या यादीत हे पुस्तक घ्यावे आणि लेखकांना एकच अट घालावी: मोर्शीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला ते कोणाच्या मदतीशिवाय वाचता आले पाहिजे.