नंबर नसलेले यंत्र

जबलपूर जिल्ह्यातील शहपुरा हे नर्मदाकाठच्या तहसिलीचे ठिकाण. येथे ना बंदर, ना गोदी. समुद्र तर शेकडो किलोमीटर दूर. तरीही बंदराच्या कामावर दिसणाऱ्या यंत्रांची धाकटी भावंडे नर्मदेच्या या खोऱ्याला अपरिचित नाहीत. त्यांतले एक लांब हाताचे पोकलेन. दुसरी नावेवर पंप बसवून तळाची रेती ओढणारी यंत्रणा. तिला इकडच्या हिंदीत 'पनडुब्बी' म्हणतात.

नर्मदेत यंत्राने रेती काढण्यास मध्य प्रदेशच्या २०१९ च्या रेती नियमांनी मनाई केली आहे. नियम स्पष्ट आहे, हेतूही चांगला आहे. माझा आक्षेप असा की, ज्या यंत्रावर आपण बंदी घातली त्याला शासनदरबारी ओळखच नाही. मग बंदी मोडणारा कोण, हे कशावरून ठरवायचे?

शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला नंबर असतो, मजुराच्या मोपेडलाही असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 'बांधकाम यंत्र-वाहन' ही व्याख्या मात्र प्रामुख्याने चाकांवर चालणारी यंत्रे डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. पोलादी पट्ट्यांवर सरकणारे पोकलेन रस्त्याने चालत नाही, ते ट्रेलरवर चढून येते. नाक्यावर दिसतो तो ट्रेलरचा नंबर. यंत्र नदीत उतरले, ट्रेलर परत गेला, की अर्ध्या कोटीच्या घरातले ते धूड बेवारस होते. छापा पडला की चालक पळतो आणि मालक पुढे येत नाही. काही दिवसांनी कोणीतरी खरेदीची पावती घेऊन उभा राहतो आणि बंधपत्रावर यंत्र सोडवून नेतो. कागदोपत्री कारवाई पूर्ण होते. नदीतला खड्डा तसाच राहतो.

याउलट बंदरांत काय चालते ते पाहावे. न्हावा-शेव्याची खाडी खोल करताना किंवा पालघर जिल्ह्यात वाढवण येथे १,४४८ हेक्टर भराव घालण्याचे योजताना कोणीही अंदाजपंचे हिशेब करत नाही. मोठ्या ड्रेजरला जहाज म्हणून नोंदणी असते, त्याचा ठावठिकाणा पडद्यावर दिसतो. काम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर ध्वनिलहरींनी तळाची खोली मोजतात आणि त्या फरकावर देयक ठरते. म्हणजे यंत्र ओळखण्याची आणि खड्डा मोजण्याची विद्या आपल्या शासनाला अवगत आहे. जिथे ठेकेदाराला पैसे द्यायचे असतात तिथे आपण घनमीटर मोजतो. जिथे नदीचे लुटले जाते तिथे फेऱ्या मोजतो, त्याही पावतीवरच्या!

या ढिलाईची किंमत कोण देतो? नोव्हेंबर २०२३ मध्ये शहडोल जिल्ह्यात रेतीची अवैध वाहतूक रोखायला गेलेल्या पटवाऱ्याला ट्रॅक्टरखाली चिरडले. मे २०२४ मध्ये त्याच जिल्ह्यात एका पोलीस सहायक उपनिरीक्षकाचा तसाच अंत झाला. शासनाची सर्वांत खालची पायरी रात्री काठावर उभी राहते, कारण वरच्या पायऱ्यांनी दिवसा नोंदवही उघडलेली नसते. नदीचे नुकसान वेगळेच. शहपुऱ्याच्या वरच्या बाजूला बरगीचे धरण गाळ अडवते. मुख्य प्रवाहातून येणारी रेतीची भरपाई त्यामुळे आधीच तुटपुंजी. तळ खचला की काठच्या विहिरींचे पाणी उतरते आणि पुलांचे पाये उघडे पडतात.

काही सहकारी म्हणतात, आणखी एक नोंदणी म्हणजे आणखी एक खिडकी आणि तिथे आणखी एक हात पुढे. ही भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय खिडकी पारदर्शक करणे हा आहे, यंत्र अदृश्य ठेवणे हा नव्हे. लहान ठेकेदाराला जाच होईल, असेही म्हणतात. ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्याला जो जाच सोसतो, तो पोकलेनच्या मालकाला का सोसू नये?

करायचे ते थोडकेच आहे. चाकांचे असो वा पट्ट्यांचे, तरंगते असो वा जमिनीवरचे, प्रत्येक उत्खनन यंत्राला राज्याचा क्रमांक द्यावा आणि त्यावर ठिकाण सांगणारे उपकरण बसवावे. ट्रेलरच्या परवान्यात यंत्र कोठून कोठे चालले ते लिहावे. बिनक्रमांकाचे यंत्र नदीत सापडल्यास मालकी सिद्ध करून दंड भरेपर्यंत ते सोडू नये. आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर पात्राचा छेद मोजून तो ग्रामसभेत लावावा. केंद्राच्या २०२० च्या वाळूविषयक मार्गदर्शक सूचनांत सर्वेक्षणाचा आग्रह आहेच. नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

बंदीचा आदेश काढायला एक सही पुरते. नोंद ठेवायला आणि मोजमाप करायला रोज काम करावे लागते. आपण नेहमी सहीच का निवडतो, हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारतो आणि मग माझ्या सेवेतील बांधवांना.