आवाज ऐकू येतो, कारण शोधावे लागते

दरवर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन येतो आणि चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या १९२८ मधील प्रकाशविषयक शोधाची उजळणी होते. रामन यांचा ध्वनीचा अभ्यास मात्र सहसा भाषणांच्या बाहेरच राहतो. तिरुचिरापल्लीत जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने कावेरीच्या खोऱ्यात घरोघरी ऐकू येणारा मृदंग प्रयोगशाळेत नेला. साध्या ढोलाचे अधिस्वर मूळ स्वराच्या पूर्णांक पटीत नसतात, पण मृदंगावरील शाईच्या थरामुळे त्याचे पहिले काही अधिस्वर जवळजवळ पूर्णांक पटीत येतात, हे त्यांनी १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह आणि पुढे १९३४ मध्ये अधिक विस्ताराने दाखवून दिले. कानाला जे गोड लागते, त्यामागचे कारण त्यांनी आकड्यांत मांडले.

त्याच खोऱ्यात, तंजावरमध्ये किंवा महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी, रोज असाच एक प्रश्न गॅरेजच्या दारात येऊन उभा राहतो. तीन लाख किलोमीटर धावलेली, चारही चाकांना शक्ती देणारी डिझेल गाडी येते आणि मालक सांगतो, ‘ऐंशीच्या वेगाला खालून गुणगुण येते, पाय ठेवतो तिथे थरथर लागते.’ मेकॅनिक एक फेरी मारतो आणि भागांची नावे घेऊ लागतो. आधी चाकांचे बॅलन्सिंग, मग बेअरिंग, मग इंजिनाची माउंटिंग. प्रत्येक वेळी पैसे जातात, गुणगुण राहते. ही पद्धत अज्ञानातून आलेली आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनुभवी मेकॅनिकचा कान हे उत्तम उपकरण आहे. उणीव असते ती कानाने सुचवलेल्या उत्तराची परीक्षा घेण्याची. आणि ही उणीव केवळ गॅरेजची नसून विज्ञान शिकवण्याच्या आपल्या रीतीचीही आहे.

गाडीतील प्रत्येक फिरता भाग स्वतःचा ठरलेला ताल धरतो, आणि तो काढायला शालेय गणित पुरते. अशा गाडीच्या टायरचा परीघ सुमारे २.२ मीटर असतो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला १० फेरे घेते. डिफरेन्शियलमधील गुणोत्तर ४ धरले, तर प्रोपेलर शाफ्ट ४० फेरे घेतो. टायरचा तोल बिघडला असेल, तर थरथर १० हर्ट्झला जाणवेल. पुढच्या चाकाची स्टिअरिंगमध्ये, मागच्या चाकाची बहुधा बैठकीत. शाफ्टचा तोल गेला असेल, तर ती ४० हर्ट्झला येईल. शाफ्टच्या टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट, ज्याला गॅरेजमध्ये ‘क्रॉस’ म्हणतात, तो कोनात फिरताना एका फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. म्हणून झिजलेल्या किंवा चुकीच्या कोनात बसलेल्या क्रॉसची खूण शाफ्टच्या दुप्पट, म्हणजे ८० हर्ट्झ. बेअरिंगची गोष्ट निराळी आहे. त्याच्या कडीवर खड्डा पडला, तर ठोके चाकाच्या फेऱ्यांच्या अपूर्णांक पटीत पडतात, कारण आतल्या गोळ्या चाकापेक्षा हळू पुढे सरकतात.

इथपर्यंत काम सोपे दिसते: वारंवारता मोजावी, तक्ता पाहावा, भाग बदलावा. अडचण पुढे आहे. चौथ्या गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट बहुतेक अशा गाड्यांत एकाच वेगाने फिरतात. ४० फेरे सेकंदाला म्हणजे मिनिटाला २४०० फेरे. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. म्हणजे इंजिनाच्या ठोक्यांची वारंवारता ८० हर्ट्झ. क्रॉसचीही ८० हर्ट्झ. दोन वेगळे दोष, पण आकडा एकच. अशा वेळी सर्वात तयार कान आणि सर्वात महागडे यंत्र दोघेही तितकेच हतबल असतात.

ही अडचण गणितालाही ठाऊक आहे. १९६६ मध्ये मार्क काट्स यांनी विचारले होते की ढोलाचे सगळे स्वर कळले, तर त्याचा आकार ओळखता येईल का. कॅरोलिन गॉर्डन, डेव्हिड वेब आणि स्कॉट वोल्पर्ट यांनी १९९२ मध्ये उत्तर दिले: नेहमीच नाही. वेगळ्या आकाराचे दोन ढोल अगदी तेच स्वर देऊ शकतात. परिणामावरून कारणाकडे जाणारी वाट एकच असेल, याची हमी निसर्ग देत नाही.

मग मार्ग कोणता? अधिक ऐकण्यापेक्षा परिस्थिती बदलून ऐकणे. तोच रस्ता, तोच ८० चा वेग, पण गिअर पाचवा. त्याचे गुणोत्तर ०.८ असेल, तर इंजिन मिनिटाला १९२० फेऱ्यांवर उतरते आणि त्याचे ठोके ६४ हर्ट्झवर येतात. शाफ्टचा वेग मात्र बदलत नाही, आणि तोच वेग राखायला लागणारा त्याच्यावरचा पीळही बदलत नाही. गुणगुणीचा सूर खाली आला, तर दोष इंजिनाच्या बाजूला. तो जागच्या जागी राहिला, तर शाफ्टच्या बाजूला. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेचा पहिला धडा इथे एका गिअरच्या अंतरावर उभा असतो.

गॅरेजमध्ये याऐवजी क्लच दाबून पाहण्याची रीत आहे. ती उपयोगी आहे, पण तिच्यात इंजिनाचा वेग आणि शाफ्टवरील पीळ या दोन्ही गोष्टी एकदम बदलतात. आवाज थांबला तर इंजिन दोषी, हा निष्कर्ष म्हणून घाईचा ठरतो. झिजलेला क्रॉसही पीळ सुटताच शांत होऊ शकतो. ही चाचणी करायचीच, तर मोकळ्या सरळ रस्त्यावर आणि किल्ली बंद न करता करावी, कारण इंजिन थांबले की ब्रेक आणि स्टिअरिंगला मिळणारी मदतही जाते. बेअरिंगच्या संशयाचीही अशीच परीक्षा घेता येते. सौम्य डाव्या वळणावर भार उजव्या चाकांवर जातो; तेव्हा घरघर वाढली, तर आधी उजवीकडे पाहावे.

चारचाकी शक्तीच्या गाडीत आणखी एक फसवी जागा आहे. जुन्या घडणीच्या अशा गाड्यांत पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये डिफरेन्शियल नसते. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापावे लागते, पण दोन्ही आस एकाच वेगाला बांधलेले असतात. भाताच्या खाचरातला चिखल हा फरक पोटात घालतो, कारण चाके थोडी घसरतात. कोरडा डांबरी रस्ता तसे करू देत नाही. पीळ साठत जातो आणि धक्क्याने सुटतो. त्या खटखटीवर उपाय म्हणजे लीव्हर दोन चाकांवर आणणे. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असतील, तर हाच पीळ सरळ रस्त्यावरही साठतो.

हल्ली फोनमधील कंपनमापकावर फार भरवसा ठेवला जातो. तोही तपासून घ्यावा. सेकंदाला १०० नोंदी घेणारा मापक ५० हर्ट्झच्या पुढचे खरे पाहू शकत नाही. ८० हर्ट्झची थरथर पडद्यावर २० हर्ट्झ म्हणून उमटू शकते. २० म्हणजे चाकाच्या फेऱ्यांची दुप्पट. पाहणारा निःशंकपणे टायर बदलतो आणि सैल झालेला क्रॉस तसाच फिरत राहतो. तो तुटला आणि शाफ्टचे पुढचे टोक रस्त्यावर पडले, तर काय होऊ शकते, हे महामार्गावर गाडी चालवणाऱ्याला सांगावे लागत नाही. चुकीच्या निदानाची किंमत नेहमी पैशांतच मोजली जात नाही.

गाडीचे ध्वनी आणि कंपने हा आपल्या देशात दुर्लक्षित विषय आहे, असे नाही. पुण्यात १९६६ पासून असलेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियात त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. पण ते ज्ञान मुख्यतः नव्या गाड्या घडवणाऱ्यांच्या कामी येते. तीन लाख किलोमीटर झालेल्या गाडीच्या वाट्याला येतो तो रस्त्याकडेचा मेकॅनिक, आणि त्याच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. दुसरीकडे पदवीचा विद्यार्थी तारेच्या कंपनांचे समीकरण सोडवतो, पण स्वतःच्या घरच्या गाडीच्या शाफ्टची वारंवारता काढून पाहत नाही. दोघांकडे अर्धे अर्धे ज्ञान आहे आणि दोघांची भेट होत नाही.

या भेटीसाठी तंजावरचाच एक धडा घेण्याजोगा आहे. १७९८ ते १८३२ या काळात तिथे राज्य करणाऱ्या दुसऱ्या सरफोजी भोसल्यांना वैद्यकाचा व्यासंग होता. नेत्ररुग्णांच्या त्या काळच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत. रुग्णाची तक्रार आणि त्यावर केलेले उपचार लिहून ठेवले की एका रुग्णाचा अनुभव पुढच्याच्या कामी येतो. गॅरेजमध्ये बिल असते, अशी नोंद नसते. वेग किती, गिअर कोणता, पीळ होता की नव्हता, वळण कुठले, काय बदलले आणि त्याने आवाज गेला की नाही, एवढे एका वहीत उतरले, तर वर्षभरात ती वही कोणत्याही ॲपपेक्षा मोलाची ठरेल. विशेषतः ‘बदलले, पण आवाज गेला नाही’ ही ओळ. ती लिहायला कमीपणा वाटतो, आणि शिकवते मात्र तीच.

भौतिकशास्त्राच्या विभागांनी आणि आयटीआयंनी मिळून हे काम हाती घ्यावे. त्याला मोठे अनुदान लागत नाही. एक जुनी गाडी, एक वही, वारंवारतेचा एक तक्ता आणि एका वेळी एकच गोष्ट बदलण्याची शिस्त पुरते. विज्ञान दिनाच्या व्याख्यानाला आलेल्या विद्यार्थ्यांनी त्यानंतरची दुपार जवळच्या गॅरेजमध्ये, मेकॅनिकच्या शेजारी बसून घालवावी. मृदंगाकडे वळलेल्या रामन यांना त्यात काही वावगे वाटले नसते.