आधी टायमिंग बघा, बॉस!

किक उलटी आली की पोटरी दोन दिवस बोलत राहते. जुन्या कास्ट आयर्न बुलेटवाल्यांना हे सांगायला नको. १९५५ साली मद्रासला जुळणी सुरू झाली ती लष्कराच्या ऑर्डरमुळे, त्यामुळे तोफखान्याशेजारच्या आमच्या नाशिक रोडला ही गाडी म्हणजे घरचीच. आणि बिटको चौकात ती बंद पडली, की फुकट सल्लाही ठरलेला: ‘कार्ब्युरेटर साफ करून घ्या!’

मंडळी, कार्ब्युरेटरला हात नंतर. उलटी किक, चढावर टकटक म्हणजे स्पार्क लवकर पडतोय. ऑटो अ‍ॅडव्हान्सच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या की हे होतं. माझ्या गाडीत हाच घोटाळा निघाला. गाडी ओढत नाही, तापते, सायलेन्सरमधून फटाके फोडते? मग स्पार्क उशिरा. पॉइंटची टाच झिजते, गॅप कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात.

म्हणून आधी फीलर गेजने गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. टायमिंग त्यानंतरच, कारण गॅप हलली की तेही हलतं. साडेतीनशेला पॉइंट उघडायला हवेत पिस्टन वर पोचायच्या ०.८ मिमी आधी. उघडले कसं कळणार? हेडलाइटवरचा अ‍ॅमीटर आहे ना! इग्निशन चालू, किक हाताने हळू दाबायची. पॉइंट मिटलेले असताना काटा मायनसकडे, उघडले की टुणकन मध्यावर. लाइट तेवढा बंद ठेवा, नाहीतर काटा आधीच झुकलेला असतो.