ताप उतरला, पण नीट दिसते ना?

डेंग्यूचा ताप उतरताच माणूस कामावर निघतो. हातावर पोट असलेल्यांना घरी बसून चालत नाही, हे आम्ही जाणतो. पण ताप सुरू झाल्यापासून साधारण आठवड्याने, प्लेटलेट कमी असताना, काहींच्या डोळ्यांच्या पडद्याला सूज येते, रक्तस्राव होतो. नजरेच्या मधोमध डाग दिसतो, अक्षरे पुसट होतात. याला अशक्तपणा समजू नका. एकेक डोळा झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचून पाहा. फरक वाटल्यास दुकानातले थेंब घालू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात नेत्रतज्ज्ञाला दाखवा आणि डेंग्यू झाल्याचे सांगा. बहुतेकांची नजर सुधारते, काहींची कायमची अधू राहते. चिकनगुन्यानंतर असा त्रास काही आठवड्यांनीही होतो. एक दिवसाची रोजी बुडाली तरी चालेल, डोळा जपा.