विसरलेले बी आणि मोजलेले खड्डे

बदनापूर (जि. जालना) : पाऊस सुरू झाला, की मराठवाड्यात दोन पेरण्या एकाच वेळी चालतात. एक शेतातली, दुसरी वृक्षलागवडीची. पहिल्या पेरणीचा हिशेब शेतकरी उगवणीवर ठेवतो. दुसरीचा हिशेब बहुधा खणलेल्या खड्ड्यांवर आणि लावलेल्या रोपांच्या आकड्यांवर ठेवला जातो. याशिवाय निसर्गात एक तिसरी पेरणी चालते. तिला ना उद्दिष्ट असते, ना निधी. ती पेरणी खारी, पाखरे, वटवाघळे आणि रानातली जनावरे करतात. जगातील अनेक जंगले या तिसऱ्या पेरणीवरच उभी आहेत. बदनापूरसारख्या तालुक्यात मात्र तिचाच धागा तुटत चालला आहे आणि वनीकरणाच्या चर्चेत त्याची दखल क्वचितच घेतली जाते.

बियाणे ओळखणारा तालुका

बियाण्याचे मोल बदनापूरला सांगण्याची गरज नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र येथे आहे. तुरीच्या 'बीडीएन ७११' या लोकप्रिय वाणाच्या नावातील 'बीडीएन' ही अक्षरे बदनापूरचीच. जालना-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर दावलवाडी येथे 'महिको'चे संशोधन केंद्र आहे. १९६४ मध्ये ही कंपनी स्थापन करून जालन्याला बियाणे उद्योगाचे माहेरघर बनविणारे बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला होता. बी किती खोल पडावे, वापसा कधी येतो, उगवण किती टक्के धरावी, याचे शास्त्र ज्या भागात घरोघरी ठाऊक आहे, तो हा भाग.

याच भागात जंगल मात्र जवळजवळ नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने देशाची एक तृतीयांश भूमी वनांखाली व वृक्षांखाली असावी, असे उद्दिष्ट ठेवले. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार महाराष्ट्राचे वनाच्छादन सुमारे साडेसोळा टक्के आहे. त्यातही मराठवाडा तळाशी आणि जालना हा राज्यातील अत्यल्प वनाच्छादनाच्या जिल्ह्यांपैकी एक. बदनापूर परिसरात दिसते ती काळी जमीन, कपाशी, तूर, सोयाबीन आणि मोसंबीच्या बागा. झाडे आहेत ती बांधावर, ओढ्याकाठी, देवळाभोवती आणि रस्त्याच्या कडेला.

खारीची टोकण

खार जंगल कसे वाढविते, हे समजून घेण्यासाठी प्रथम थंड प्रदेशाकडे पाहावे लागते. उत्तर अमेरिकेतील ओक, अक्रोड, हिकरी यांच्या जंगलांत शरद ऋतूत फळे पिकतात आणि पाठोपाठ कडाक्याचा हिवाळा येतो. तेथील करडी खार हिवाळाभर झोपून राहत नाही. तिला बर्फातही खावे लागते. म्हणून ती एकेक फळ तोंडात धरून झाडापासून दूर नेते, पुढच्या पायांनी लहानसा खड्डा उकरते, फळ आत दाबते, माती ओढते आणि वर पाला पसरते. सारा साठा एकाच जागी ठेवला, तर एखादा चोर तो एका रात्रीत फस्त करील. त्यामुळे ती हे शेकडो ठिकाणी करते.

शास्त्रज्ञ याला विखुरलेली साठवण म्हणतात. मराठवाड्यातील शेतकरी याला टोकण म्हणेल. अंतर राखून, ठरावीक खोलीवर, एकेका जागी बी दाबायचे आणि मातीने झाकायचे, हीच तर टोकण. मातृवृक्षाच्या सावलीत पडलेले फळ किडीला, बुरशीला व उंदरांना सहज सापडते. दूर नेऊन पुरलेले फळ यातून वाचते, शिवाय त्याला ओल मिळते. खारीने पुन्हा न उकरलेल्या फळांपैकी काही वसंतात रुजतात.

हे सारे खारीच्या विसराळूपणामुळे घडते, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. ल्युसिया जेकब्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात करड्या खारींनी इतरांनी पुरलेल्या फळांपेक्षा स्वतः पुरलेली फळे अधिक प्रमाणात शोधून काढली. केवळ वासावर नव्हे, तर जागेच्या आठवणीवर. २०१७ मध्ये मिकेल डेलगाडो आणि जेकब्स यांनी कॅलिफोर्नियातील खारींवर केलेल्या अभ्यासात, बदाम एका भागात आणि अक्रोड दुसऱ्या भागात, अशी वर्गवारी करून खारी साठा ठेवतात, असे दिसले. बघणारा कोणी असेल, तर फळ पुरल्याचे नुसते नाटक करण्याइतकी ही जात चलाख आहे.

कोणते फळ खायचे आणि कोणते ठेवायचे, हेही ती जाणते. पांढऱ्या ओकचे फळ शरदातच रुजू लागते, म्हणजे साठ्यात टिकत नाही. ते ती बहुधा लगेच खाते किंवा त्याचा अंकुर कुरतडून मग पुरते. तांबड्या ओकचे फळ वसंतापर्यंत निद्रिस्त राहते. ते ती जसेच्या तसे साठविते. मग झाड का उगवते? कारण खार गरजेपेक्षा जास्त पुरते, पुरणारी खार मध्येच शिकाऱ्याच्या तोंडी पडते आणि काही वर्षी ओक इतका भरभरून फळतो, की साऱ्या खारी मिळूनही ती फळे संपवू शकत नाहीत. झाडाने दिलेली ही एक प्रकारची मजुरीच म्हणावी लागेल. शंभर फळे खाऊ घालायची, दोन-चार रुजवून घ्यायची.

उष्ण प्रदेशातही असे मजूर आहेत. खारीप्रमाणेच कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातील अगूटी हा प्राणी मध्य व दक्षिण अमेरिकेत ताडवर्गीय झाडांच्या बिया पुरतो. पनामातील एका बेटावर संशोधकांनी बियांना रेडिओ खुणा लावून पाहिले, तेव्हा एक बी तब्बल ३६ वेळा उकरून पुन्हा पुरले गेल्याचे आढळले. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच्या साठ्यावर दुसऱ्याने डल्ला मारायचा आणि ते बी आणखी पुढे नेऊन पुरायचे, अशा चोऱ्यांतूनच ते मूळ झाडापासून दूर पोचत होते.

याच वर्षी आणखी एक विलक्षण वृत्त आले. सैबेरियात कोलिमा नदीकाठी, गोठलेल्या जमिनीत सुमारे ३८ मीटर खोलीवर, बिळात राहणाऱ्या खारींची प्राचीन कोठारे सापडली. त्यांतील सुमारे ३२ हजार वर्षांपूर्वीच्या फळांच्या पेशींपासून रशियन शास्त्रज्ञांनी सायलिनी स्टेनोफिला ही वनस्पती पुन्हा वाढविली आणि ती फुललीही.

सर्वच खारी माळी नव्हेत

मात्र या कथांवरून खार दिसली की जंगल वाढले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. हीच अमेरिकेतील करडी खार १८७६ मध्ये इंग्लंडात सोडण्यात आली. तेथे ती झाडांची साल सोलून तरुण वृक्षांचे मोठे नुकसान करते आणि मूळच्या तांबड्या खारीला तिने हुसकावून लावले आहे.

महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू हीदेखील खारच. १९८५ मध्ये घोषित झालेले भीमाशंकर अभयारण्य त्याच्यासाठी प्रसिद्ध आहे. पण शेकरू जमिनीवर फारसे उतरत नाही. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेप घेता येईल, असे सलग छत्र त्याला लागते आणि बी पुरण्यापेक्षा फोडून खाणे हा त्याचा मुख्य व्यवहार. ते जंगल लावते, यापेक्षा जंगल सलग राहिल्याची ते खूण आहे, असे म्हणणे अधिक योग्य.

बदनापूरच्या बांधावर दिसणारी पट्टेरी खार तर साठेबाज म्हणून ओळखली जात नाही. येथे बर्फाचा हिवाळा नाही आणि बारा महिने काही ना काही खायला मिळते. फळबागेत ती नुकसान करते, अशी तक्रारही असते. सेतुबंधाच्या कथेतून मराठीत 'खारीचा वाटा' आला तो अल्पशा मदतीच्या अर्थाने. ओकच्या जंगलात तो वाटा सिंहाचा असला, तरी मराठवाड्यात तो खरोखरच खारीएवढाच असावा.

येथे पेरते कोण?

येथील माळी वेगळे आहेत. कडुनिंबाची लिंबोळी पिकते ती पावसाच्या तोंडावर. बुलबुल, साळुंकी, कावळे आणि वटवाघळे गर खाऊन बी दूर टाकतात. लिंबोळीची उगवणक्षमता काही आठवड्यांतच घटते, त्यामुळे हे काम वेळेवर होणे महत्त्वाचे. बोरे कोल्हे आणि उदमांजरे खातात व त्यांच्या विष्ठेतून बिया पसरतात. बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात आणि त्यांच्या पोटातून गेलेले कठीण कवचाचे बी सुलभतेने रुजते. वड-पिंपळ पाखरांच्या विष्ठेतून भिंतीच्या फटीतही उगवतात. खार टोकण करते, तर ही मंडळी बी फोकून देतात.

या पेरणीला तीन गोष्टी लागतात. बी देणारे जुने झाड, बी नेणारा प्राणी आणि रुजण्यापुरती निवांत जागा. बदनापूर परिसरात आज तिन्हींची टंचाई आहे. ट्रॅक्टरच्या नांगरटीत बांध अरुंद होत गेले आणि बांधावरची झाडे पिकावर सावली पडते म्हणून तुटली. रस्ते रुंद होताना कडेची जुनी झाडे गेली. गायरानांवर अतिक्रमणे आणि बारमाही चराई. उगवलेले रोप वीतभर होण्याआधीच शेळीच्या तोंडी जाते. जी शेळी बाभूळ पेरते, तीच बाभूळ खाते, यातला तोल जनावरांची संख्या आणि चराईचा काळ यांवर अवलंबून असतो.

आकड्यांची लागवड

राज्याने वृक्षलागवडीत प्रयत्न केले नाहीत, असे नाही. १ जुलै २०१६ रोजी २ कोटी रोपांचे उद्दिष्ट होते. पुढे २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी अशी चढती भाजणी ठरली. या मोहिमेवर नंतर प्रश्न उपस्थित झाले आणि २०२१ मध्ये चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमली गेली. राजकीय वाद बाजूला ठेवला, तरी मूळ मुद्दा उरतोच. लावलेली रोपे मोजणे सोपे, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जगलेली मोजणे अवघड. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात पोसलेल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. जेथे टँकरने पाणी घालूनही फळबाग वाचत नाही, तेथे माळावरच्या बिनपाण्याच्या रोपाचे काय होणार, हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही.

खारीचा हिशेब इथे उपयोगी पडतो. तिचीही बहुतेक लागवड वाया जाते. पण तिने निवडलेले बी स्थानिक झाडाचे असते, हंगाम झाडानेच ठरविलेला असतो आणि रोप पहिल्या दिवसापासून त्याच मातीत मूळ खोल नेते. रोपवाटिकेच्या पिशवीत वाढलेल्या रोपाला हा लाभ मिळत नाही. शिवाय खार दर वर्षी पेरते. एका वर्षीचे अपयश पुढच्या वर्षी भरून निघते. शासकीय मोहीम एका पावसाळ्यात गाजते आणि पुढच्या पावसाळ्यात नव्या ठिकाणी नवे खड्डे खणते.

उपाय अवघड नाहीत आणि अपरिचितही नाहीत. अहमदनगर जिल्ह्यातील, आताच्या अहिल्यानगरमधील, हिवरे बाजारने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळून उघडे डोंगर हिरवे केले. बदनापूरच्या शेजारच्या जालना तालुक्यातील कडवंची गावाने १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम राबविला. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी या त्या कार्यक्रमाच्या अटींतच होत्या. कडवंची आज द्राक्षांसाठी ओळखले जात असले, तरी जिल्ह्यातील गाव अशी शिस्त स्वीकारू शकते, हे तेथे दिसून आले.

गावागावांतील जुन्या कडुनिंब, बोर, बाभूळ, जांभूळ या झाडांची नोंद करून ती राखणे, ओढ्याकाठची पट्टी नांगराविना सोडणे, गायरानाचा एखादा तुकडा चार-पाच वर्षे चराईपासून मुक्त ठेवणे आणि लागवडीचे देयक खड्ड्यांऐवजी तिसऱ्या वर्षी जगलेल्या रोपांवर देणे, एवढे झाले तरी पाखरे आपले काम करू लागतील. यात फटका बसेल तो भूमिहीन शेळीपालकांना. त्यांच्यासाठी चाऱ्याची सोय आधी केली नाही, तर चराईबंदी कागदावरच राहील. या प्रश्नाचे खरे अवघड टोक तेच आहे.

तुरीचे वाण देशाला देणाऱ्या बदनापूरला उगवण तपासल्याशिवाय बियाणे विकता येत नाही. झाडांच्या बाबतीतही तीच कसोटी लावण्याची वेळ आली आहे.